सोळापैकी आठ

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच, त्यामुळे ती सांगत बसत नाही. पण गेल्या महिन्यात कराडला जाऊन आले आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतेय. (कराड-साताऱ्याच्या मंडळींनी हे वाचून लगेच अण्णांना फोन करू नये. त्यांना आधीच वाचून दाखवलंय. "टाक हवं तर," एवढंच म्हणाले.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आमचे अण्णा कराडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, २००९ साली निवृत्त झाले. मी इंजिनिअरिंगला असताना, २००० साली, घरी पहिला कॉम्प्युटर आला आणि कॉलेजातल्या एका मित्राने त्यावर 'सेटी ॲट होम' टाकून दिलं. तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते चालवलं असेल. मे १९९९ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठाने ते सुरू केलं होतं. अरेसिबोच्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींचे लहान लहान तुकडे करायचे, ते जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांना वाटायचे, आणि मशीन रिकामं असेल तेव्हा त्याने ते चाळून बघायचे. परग्रहावरून कोणी काही बोलतंय का. मी स्क्रीनसेव्हरवरचा तो रंगीत आलेख बघून खूश होते. अण्णांनी मात्र सगळं नीट समजून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे श्रमदान की!"

तेव्हापासून आमच्या घरातला प्रत्येक कॉम्प्युटर श्रमदान करत आलाय.

२००५ साली 'आइन्स्टाइन ॲट होम' आलं आणि अण्णा त्यात शिरले. परग्रहवासीयांपेक्षा त्यांना हे जास्त पटलं. स्वतःभोवती गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे शोधायचे, त्यांच्या रेडिओ किंवा गॅमा किरणांच्या स्पंदनांवरून, नाहीतर त्यांच्याकडून येणाऱ्या गुरुत्वलहरींवरून. (अशा अखंड येणाऱ्या लहरी अजून कोणालाच सापडलेल्या नाहीत. २०१५ साली सापडली ती दोन कृष्णविवरांच्या टकरीची, ते प्रकरण वेगळं. हे वाक्य अण्णांच्या आग्रहाखातर.) ऑगस्ट २०१० मध्ये या प्रकल्पातून पहिला नवा रेडिओ पल्सार जाहीर झाला. सेकंदाला जवळजवळ ४१ फेऱ्या मारणारा. आणि तो सापडला होता अमेरिकेत आयोवामधल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या कॉम्प्युटरवर. ते पान अण्णांनी प्रिंट काढून आणलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. अजून आहे. आईच्या साड्या आणि पल्सार एकाच कपाटात.

३१ मार्च २०२० ला सेटीने नवी कामं पाठवणं थांबवलं. लॉकडाऊनचा तो पहिलाच आठवडा, आम्हा सगळ्यांना दुसऱ्याच चिंता होत्या. अण्णांनी फोनवर सांगितलं, "सेटी संपलं." मी बहुतेक "अरेरे" म्हणाले आणि किराण्याचं विचारलं.

असो. मुद्द्यावर येते.

गेल्या दिवाळीत अण्णांनी स्वतःच्या पैशाने नवा कॉम्प्युटर घेतला. ७४व्या वर्षी. गावातल्याच दुकानात जुळवून घेतलेला, आठ कोअरचा. प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामं पेलते, त्यामुळे विंडोजला ते सोळा प्रोसेसर दिसतात. जुना लॅपटॉप २०१४ चा, त्यामानाने हे म्हणजे एसटी सोडून वंदे भारतमध्ये बसल्यासारखं. त्यावर त्यांनी स्वतःच बॉइंक टाकलं. बॉइंक म्हणजे हे सगळे प्रकल्प ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर, तेही बर्कलेचंच. जुन्या खात्याने आत गेले आणि गणितं चालू झाली. 'टास्क'ला अण्णा गणितं म्हणतात. नियम असा की जितके प्रोसेसर, तितकी गणितं एका वेळी. म्हणजे सोळा दिसायला हवीत.

दिसत होती आठ. कधी पाच.

पहिला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. आमचं रिलीज तोंडावर होतं. "अगं, सोळापैकी आठच चालतायत, बाकीचे नुसते बसलेत." मी म्हटलं, रीस्टार्ट करा. केलं. आठच. दुसऱ्या फोनला म्हटलं, लॅपटॉपसारखं पॉवर सेव्हर वगैरे काही लागलंय का बघा. नव्हतं. तिसऱ्या वेळी काढून परत टाकायला लावलं. तरी आठ. चौथ्या फोनला मी ते वाक्य बोलले, जे मी रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या तोंडून ऐकते आणि ऐकून चिडते : "अण्णा, तुम्ही काहीतरी दाबलं असेल."

"नाही गं, मी काही दाबलं नाही."

"दाबलं असेल, लक्षात नसेल तुमच्या."

मी अठरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. माझं पोट यावर चालतं की वापरणारा जेव्हा सांगतो 'मी काही केलं नाही', तेव्हा ते आधी खरं धरायचं, नीट लिहून घ्यायचं, आणि मग पुढे जायचं. वडिलांना हा नियम मी लावला नाही. आणि "लक्षात नसेल तुमच्या" हे एकदा नाही, तीन आठवड्यांत चार-पाच वेळा तरी म्हटलं असेल. त्यांनी एकदा सांगायचा प्रयत्न केला, "गंमत बघ, मी समोर बसलो की पाच चालतात, उठून गेलो की आठ होतात." मी हसले. म्हटलं, तुम्ही बघताय म्हणून लाजत असतील. नंतर फोन यायचे थांबले. मला वाटलं, झालं असेल ठीक.

रिलीज झालं आणि दोन दिवस सुट्टी टाकून कराडला गेले. सकाळी स्वयंपाकघरात आई पोहे परतत होती. अगदी सहज, पाठ न वळवता म्हणाली, "यांनी परवा डॉक्टरांना विचारलं, विस्मरण होतंय का ते तपासता येतं का म्हणून."

मी विचारलं, का?

"तूच म्हणालीस ना, लक्षात राहत नाही म्हणून."

डॉक्टरांनी काय काय प्रश्न विचारले, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. अण्णांनी सेकंदकाटासुद्धा काढला. काही झालेलं नाही म्हणाले डॉक्टर, वयाच्या मानाने उत्तम आहे. पण तेव्हापासून एक वही केलीय, आईने सांगितलं, आणि त्यात सगळं लिहून ठेवतात. गॅस कधी लावला, गोळी कधी घेतली, कोणाचा फोन आला.

पोहे खाल्ले. कसे होते ते आठवत नाही. (हो, मलाही!)

ती वही मी मागून घेतली. शंभर पानी, उभ्या रेघा स्वतः मारलेल्या. मागच्या बाजूने कॉम्प्युटरची नोंद : तारीख, वेळ, किती चालू, मी कुठे. 'मी कुठे' या रकान्यात 'खुर्चीत', 'दारात', 'बाहेर', 'दारातून बघितले, माऊसला हात नाही'. खुर्चीत आणि हात माऊसवर असला की पाच. दारातून बघितलं की आठ. सलग अकरा दिवस, एकदाही चूक नाही. आणि शेवटच्या रकान्यात, थांबलेल्या तीन गणितांसमोर जे दिसतं ते त्यांनी इंग्रजीतून जसंच्या तसं उतरवून घेतलेलं. त्याचा अर्थ, 'मेमरीची वाट बघतोय'. खाली कंसात अण्णांच्या अक्षरात, 'मी पण'.

मी किती तरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत होते.

मग आम्ही दोघं बसलो. आता नीट, म्हणजे जसं तीन आठवड्यांपूर्वीच बसायला हवं होतं तसं. आधी बॉइंकची सेटिंग्ज उघडली. तिथे साधा आकडा : प्रोसेसरपैकी जास्तीत जास्त ५० टक्के वापर. सोळाचे पन्नास टक्के आठ, उत्तर समोर. माझ्या तोंडात आलंच होतं, "बघा, दाबलंय." वही मांडीवर होती म्हणून गप्प बसले. आणि मग त्याच खिडकीत वर लिहिलेली ओळ वाचली, जी मी चार फोनांत एकदाही वाचायला सांगितली नव्हती. ही सेटिंग्ज या कॉम्प्युटरवर कोणी केलेली नाहीत, वेबसाइटवरच्या खात्यातून आलेली आहेत, असं ती ओळ सांगत होती.

बॉइंकची स्वतःची रोजनिशी असते, इव्हेंट लॉग. सुरू होताना ते त्यात लिहितं की मशीनमध्ये काय काय सापडलं आणि सेटिंग्ज कुठून घेतली. ती वाचायला घेतली. प्रोसेसर सोळा, बरोबर. सेटिंग्ज आइन्स्टाइनच्या खात्यातून, शेवटचा बदल : सप्टेंबर २००८. कॉम्प्युटरचं ठिकाण : शाळा. 'शाळे'साठीची वेगळी सेटिंग्ज वापरत आहे.

"शाळा?" अण्णा म्हणाले.

सांगते. या प्रकल्पांमध्ये एका खात्यावर कितीही कॉम्प्युटर जोडता येतात आणि त्यांचे गट करता येतात : घर, ऑफिस, शाळा. प्रत्येक गटाला वेगळे नियम. २००८ साली अण्णांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या मशीनांवर आइन्स्टाइन चालवायची मुख्याध्यापकांकडून परवानगी मिळवली होती. अट एकच, मुलांची कामं अडता कामा नयेत. गणपतीला मी घरी आले होते, तेव्हा अण्णांनी मला बसवलं. लॅबमधली मशीन दोन कोअरची होती. मी 'शाळा' गटाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली, एक कोअर ताऱ्यांना, एक मुलांना. आणि पुढे लॅबमध्ये अजून मशीन जोडायची होती म्हणून, प्रत्येक वेळी हलवत बसायला नको म्हणून, नव्याने जोडला जाणारा कुठलाही कॉम्प्युटर आपोआप 'शाळा' गटात जाईल असंही करून ठेवलं. हुशारी!

पुढच्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. लॅबमधलं सगळं निघालं. ती दोन सेटिंग्ज मात्र राहिली. २०१४ चा लॅपटॉप आला, तो शाळेत गेला. आता हा नवा आला, तोही मुकाट शाळेत जाऊन बसला. लॅपटॉपला चारच प्रोसेसर होते, त्यातले दोन चालायचे, कोणी मोजले नाहीत. सोळा झाले तेव्हा मोजावंसं वाटलं.

म्हणजे दाबलं होतं, पण मी. सतरा वर्षांपूर्वी. आणि लक्षात नव्हतं, तेही माझ्याच.

हे मी अण्णांना सांगितलं, याच क्रमाने, लॉगमधल्या तारखेवर बोट ठेवून. माफी कशी मागायची ते सुचत नव्हतं. आमच्या घरात ती पद्धत नाही, तुमच्याकडे असेल तर माहीत नाही. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, ती ओळ परत वाचली आणि म्हणाले, "म्हणजे मी रिटायर झालो, कॉम्प्युटर नाही झाला." मग थोड्या वेळाने, "इतकी वर्षं अर्धा वर्ग रिकामा." आणि आईला हाक मारून सांगितलं, "अगं, मी काही विसरलो नव्हतो." आई आतून म्हणाली, "डॉक्टर तेच म्हणाले होते. त्यांचे पैसे द्यायच्या आधी पोरीला विचारायचं होतं."

उरलेल्या पाच-आठच्या कोड्याचं उत्तर तर वहीतच होतं. कॉम्प्युटर वापरात असेल तर बॉइंक निम्म्यापेक्षा जास्त मेमरी घेत नाही, वापरात नसेल तर नव्वद टक्क्यांपर्यंत घेतं. हे न सांगता लागू असलेले नियम आहेत. मशीनमध्ये आठ जीबी, एका गणिताला पाऊण जीबीच्या आसपास. माऊसला हात लावला की चार जीबीची मर्यादा, त्यात पाच गणितं बसतात. हात काढून काही मिनिटं गेली की सात जीबीच्या वर, आठही बसतात. लाजत-बिजत कोणी नव्हतं. अण्णांनी अकरा दिवस जे मोजलं ते अक्षरशः खरं होतं. आमच्या टीममधल्या पोरांनी असा एक बग जरी लिहून दिला तरी मी त्यांना पेढे वाटीन.

दुपारी आम्ही त्याच दुकानातून आणखी आठ जीबी आणून बसवले, मेमरीची मर्यादा वाढवली आणि वेबसाइटवर जाऊन कॉम्प्युटरला शाळेतून घरी आणलं. टीप : सेटिंग्ज मशीनवरच बदलली तर ती वेबसाइटवरच्या सेटिंग्जवर मात करतात, त्यामुळे तेवढ्यानेही काम झालं असतं. पण अण्णांना ते मान्य नव्हतं. दाखला काढायचा तर शाळेतूनच काढायचा.

सोळाच्या सोळा चालू झाली. मला वाटलं काम दुप्पट होणार. अण्णांनी मान हलवली. "कोअर आठच आहेत ना? मग दुप्पट कसं होईल?" रविवारी दिवसभर हा उद्योग चालला. आठ चालू असताना एक गणित सहा तासांत होत होतं. सोळा चालू केल्यावर तेच दहा तासांवर गेलं. म्हणजे आधी दहा तासांत तेरा-चौदा, आता सोळा. काम वाढलं, पण पाचवा हिस्सा.

मग वीज. अण्णांनी आईला सांगून घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसकट, आणि बाहेरच्या मीटरचा लाल दिवा मोजायला मला उभं केलं. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक असं लिहिलंय. दहा मिनिटांत, कॉम्प्युटर नुसता चालू असताना २१, आठ गणितांना ५९, सोळाला ६७. गुणाकार तुम्ही करा. अण्णांनी उत्तर काढलं की आठ गणितं रात्रंदिवस चालवली तर महिन्याला साधारण ५१ युनिटं जास्त, सोळा चालवली तर ६२. आई म्हणाली, शंभराच्या वर युनिट गेलं की पुढचा दर लागतो, ते ताऱ्यांना माहीत आहे का? आणि सोळा चालू असताना पंखा असा घुमतो की दुपारचा डोळा लागत नाही. हा मुद्दा बिनतोड होता. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणून मी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला आले.

वही अण्णांनी ठेवलीय. मी म्हटलं होतं, आता कशाला? म्हणाले, सवय झाली, असू दे.

गेल्या गुरुवारी फोन आला. "अगं, आज बघतो तर बाराच चालतायत. तू काही केलंस का तिकडून?"

मी म्हटलं, नाही अण्णा, मी काही केलं नाही. आणि पुढे काहीच बोलले नाही.

"बरं. थांब, वहीत बघतो." पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ. "हां, आहे. मंगळवारी रात्री. आईला आवाजाचा त्रास म्हणून सोळाचे बारा. माझंच अक्षर आहे." आणि हसले. "मीच केलेत की."

मीही हसले. लाइट गेले होते का, पाणी किती वाजता येतं, नेहमीचं सगळं विचारून झालं. फोन ठेवल्यावर थोडा वेळ तशीच बसून होते. मग पुढच्या शनिवारचं कराडचं तिकीट काढलं.